सतराव्या पट्टीतला पक्षी

माझ्याकडे पाठ करून बसलेल्या त्या बाईने बाळ पाठीला बांधलं होतं, आणि बाळाच्या ढुंगणावर माझा पक्षी होता. आधी वाटलं भास असेल. सरकारी दवाखान्याच्या बाकावर सकाळी सातपासून बसलेला माणूस, पोटात चहाचा घोट नाही, उजवा खांदा ठणकतोय, पुढे अजून चौदा जण. असल्या माणसाला काय काय दिसेल त्याचा नेम नाही. म्हणून मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पक्षी तिथेच. कापड छापील होतं, बाजारात ढिगाने मिळतं तसलं, दोन धुण्यांत रंग सोडणारं. पण नमुना आमच्या घरचा होता. मधोमध चौरंगांच्या दोन उभ्या ओळी, त्यांच्या डावीकडे पक्षी, उजवीकडे पक्षी, सगळ्यांच्या चोची चौरंगाकडे. आणि उजव्या अर्ध्यात, चौथ्या ओळीत, खालून सहावा, एकच पक्षी तोंड फिरवून बाहेर बघणारा. बाळाने झोपेत पाय झाडला की तो हलायचा. माझ्या अंगातून असं काही सरसरत गेलं की खांद्याचं दुखणं क्षणभर कुठल्या कुठे पळालं. नमुना चोरला याचं मला काही वाटलं नाही, चोरणारे चोरतातच, त्यांना कोण अडवणार. कुठल्या तरी उत्सवात कुणीतरी फोटो काढला असेल, दुसरं काय. पण या चोराने माझी चूकसुद्धा उचलली होती. जशीच्या तशी, मोजून.

"पोरी," मी म्हटलं, "हे कापड कुठलं गं?"

तिने मान वळवली. गोल तोंडाची, हसरी. बोलण्यावरून आशांती बाजूची वाटली. "का हो पापा, आवडलं? बाजारातलं आहे. बायकोला घ्यायचंय का?"

"हा एक पक्षी उलटा का काढलाय?"

"अगं बाई! एवे ना तुम्ही? तुमच्याच लोकांचं कापड, आणि मला विचारता?" तिने बाळाला जरा वर सरकवलं. "फार जुना नमुना आहे हा, पापा. सगळे पक्षी घरी आलेत, आणि हा एकटा दारात उभा आहे. कोण यायचं राहिलंय का, ते बघतोय. माझी सासू सांगते."

"सासूला कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूला कोण सांगणार? तीच सगळ्यांना सांगते."

अख्खा बाक हसला. मीही हसलो असेन, चारचौघांत हसावंच लागतं. पण मनात म्हणत होतो, बाई गं, तो कुणाची वाट बघत नाही. तो विणणारा थकला होता, एवढंच आहे ते. थकलेल्या माणसाने उलटा विणला आणि आळसाने तसाच राहू दिला. एवढ्याशा गोष्टीत तुझ्या सासूने दार उभं केलं, त्या दारात पक्षी उभा केला. उद्या त्यावर गाणंही करतील. आणि मी, ज्याने तो विणला, तो इथे खांद्याच्या डॉक्टरची वाट बघत बसलोय. 

लोकांना वाटतं, आमचं अख्खं कापड मागावर ताणलेलं असतं, विणकर त्याच्याकडे बघत बघत विणतो. कसलं काय. मागावर असते वीतभर रुंदीचीही नाही अशी एक पट्टी, चार बोटं, फार तर पाच. समोर लांबवर ताणा जमिनीवर पसरलेला, त्याच्या टोकाला लाकडी फळी, फळीवर दगड. विणेल तसतशी पट्टी मांडीजवळच्या दांड्यावर गुंडाळत जाते आणि दगडाची फळी इंच इंच तुमच्याकडे सरकत येते. चार बोटं विणून झालं की मागचं दिसतच नाही. अशा चोवीस पट्ट्या विणायच्या, कापायच्या, एकीला एक लावून शिवायच्या, तेव्हा कुठे कळतं की काय विणलं. तोवर सगळं डोक्यात. आमच्या नमुन्यात पहिल्या अकरा पट्ट्यांत पक्ष्यांची चोच उजवीकडे, बारावी-तेरावी चौरंगांची, आणि चौदावीपासून चोच डावीकडे. सगळे मधल्या चौरंगाकडे, म्हणजे घराकडे, वळलेले, म्हणून नाव 'घरी वळलेले पक्षी'. हे कापड आमच्या घराबाहेर कुणी विणत नाही असं मी धरून चाललो होतो. माझ्या मामाने, न्याहोमामाने, ते त्याच्या मामाकडून घेतलं, आणि माझा बाप समुद्रावर जायचा पण मला होडीत बसलं की उलट्या व्हायच्या म्हणून मला मामाच्या मागाखाली आणून टाकलं, तेव्हा मी ते मामाकडून घेतलं. सात वर्षांचा होतो. पहिलं वर्षभर नुसत्या कांड्या भरल्या. मामा बोलायचा कमी आणि बघायचा फार. पट्टी हातात घेऊन बोटं फिरवायचा आणि सांगायचा, इथे तुला भूक लागली होती, इथे तू रस्त्याकडे बघत होतास. आणि ते खरं असायचं, कारण पोटात भूक असली की ठोका ढिला पडतो आणि पक्षी लांबोडा होतो. असल्या माणसापासून मी एक गोष्ट अडतीस वर्षं लपवली. तो आता गेला. त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला, गावच्या शवागारात आहे, येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याला घरी आणतील, पितळी पलंगावर निजवतील, आणि त्याच्या अंगावर त्याचंच कापड असायला हवं. ते आमच्या मागावर चालू आहे. माझ्याच्याने होत नाही, माझी मुलगी सेनाम विणतेय. माझं एकच मागणं होतं, की या कापडात सगळे पक्षी घरी वळलेले असावेत. यानंतर मी काही मागावर बसत नाही. सेनामचा हात जो नमुना विणेल तोच पुढे राहील, आणि तो बरोबर राहिला की मी सुटलो.

डॉक्टर आला तेव्हा अकरा वाजले होते. पोरगेला होता. त्याने हात वर करायला सांगितलं, हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. "तोग्बे, माग बंद करा म्हटलं होतं मी," तो म्हणाला. आमचाच, एवे. म्हाताऱ्याला तोग्बे म्हणण्याइतकं घरचं वळण होतं.

"बंदच आहे. मुलगी विणते."

"मग हा सांधा एवढा सुजलाय तो काय मुलीने सुजवला?"

"तिला दाखवायला बसतो मधूनमधून."

"दाखवायला तोंड पुरतं, तोग्बे." त्याने गोळ्या लिहून दिल्या, त्याच, गेल्या वेळच्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आलो. ती बाई दिसतेय का बघितलं. ती गेली होती. ट्रोट्रोत खिडकीशी जागा मिळाली, आणि आक्रा ते आशाइमान त्या सबंध रस्त्यात मी बायकांच्या पाठी बघत राहिलो. बायकोला सांगितलं असतं तर तिने काय ते म्हटलं असतं! पण मला तो पक्षी शोधायचा होता, आणि तो सापडला सुद्धा. एकदा मक्याची केंकी विकणाऱ्या बाईच्या कमरेला, एकदा एका दुकानाच्या पडद्यावर. उन्हात लोंबत होता, तोंड फिरवून.

अकोफा आमची पहिली. दोन वर्षं आणि काही महिन्यांची होती. मी गावात मामाच्या मागावर असायचो तेव्हा ती फळीवर बसायची, दगड बाजूला काढून मी दगडाऐवजी तिला बसवायचो, तेवढं वजन पुरायचं. मी विणत जायचो आणि ती फळीवर बसून माझ्याकडे येत जायची, दुपारभरात हातभर. "बाबा, मी पोचले?" अजून नाही. पुन्हा थोड्या वेळाने, "पोचले?" अजून नाही गं बाई. मग तिथेच आडवी होऊन झोपायची आणि झोपेत पुढे सरकत राहायची. बाकीचे विणकर हसायचे, म्हणायचे, दोत्से, तुझ्या कापडाला दगडाचा खर्च नाही. मला तेव्हा दोत्से म्हणणारेही थोडेच राहिले होते. जुळ्यांच्या पाठीवर जन्मलो म्हणून ते नाव, पण पहिलं मूल झालं की आमच्यात माणसाचं नाव बदलतं. सगळा गाव मला अकोफाचे बाबा म्हणायचा. मान्सा, माझी बायको, तीसुद्धा. मग पोरीला तीन दिवस ताप आला आणि ती गेली. लहान मुलाला आमच्याकडे ढोल नाही, पंगत नाही, कापडही नाही. दिवस मावळायच्या आत पुरायचं, फार रडायचं नाही, आणि नाव घ्यायचं नाही, नाहीतर पुढच्याला ओढून नेते असं म्हातारे म्हणतात. कुणी काही ठरवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला कुणीतरी दोत्से म्हणून हाक मारली. मी वळून बघितलं आणि ओ दिली. पुढे चार वर्षांनी सेनाम झाली आणि मी सेनामचे बाबा झालो, तो आजतागायत. मधली चार वर्षं मी कुणाचाच बाबा नव्हतो.

तिसऱ्या दिवशी मी मागावर बसलो. लोकांनी याचा पुढे मोठेपणा केला, की काय माणूस आहे, पोरगी पुरली आणि तिसऱ्या दिवशी धोटा हातात. मोठेपणा कसला? घरात बसवत नव्हतं. मान्सा भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मला तिच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. मागावर निदान पाय हलतात. सतरावी पट्टी चालू होती. मी रडलो नाही, खरं सांगतो, मला रडूच आलं नाही, नुसता थकवा होता, डोळ्यांच्या मागे, दातांत, पायाच्या अंगठ्यांत. तो थकवा त्या दिवशी जो आला तो पुढे कधी पुरता गेला नाही, त्याला आता कुणी वय म्हणतं, कुणी खांदा म्हणतं. पट्ट्या कापून पूर्ण झाल्या आणि मामाने त्या जमिनीवर ओळीने मांडल्या तेव्हा त्याला तो पक्षी दिसला. त्याने बोट ठेवलं. बाकी काही बोलला नाही, इथे तुझं काय चाललं होतं ते सांगितलं नाही. म्हणाला, "सतरावी काढ. नवी विण." मी हो म्हटलं. ताणा लावला सुद्धा. पण बसलो की हात उठेना. दोन दिवस नुसता बसून राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी तीच जुनी पट्टी घडी करून गठ्ठ्यात ठेवली, मामाला म्हटलं, विणली. त्याने गठ्ठा उचलला, माझ्याकडे बघितलं, ठेवून दिला. मी त्याच दिवशी आगबोझुमेच्या बाजाराला निघून गेलो. परत आलो तेव्हा कापड शिवून तयार होतं आणि घेणाऱ्याकडे गेलंही होतं. मामाने शिवताना पाहिलंच असणार. अडतीस वर्षं मी त्याच्या विचारण्याची वाट पाहिली. म्हणून तर गाव सोडलं, आशाइमानला आलो, लॉरी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये माग टाकला. लोक म्हणतात पोटासाठी आला.

घरी पोचलो तेव्हा शेडमधून ठोके ऐकू येत होते. सेनामचा ठोका एकसारखा पडतो, माझ्यापेक्षाही, हे मामानेच एकदा म्हटलं होतं. बाईने मागावर बसायचं नाही असं म्हणत तो दहा वर्षं फुरंगटून राहिला, आणि मग एका सणाला गावी गेलो तर स्वतःचा धोटा तिच्या मांडीवर टाकून म्हणाला, घे, तुझ्या बापाच्या हाताला आता मुंग्या यायला लागल्यात. तोच धोटा चालला होता. मी चौकटीला टेकून पट्ट्या बघितल्या. पंधरा कापून ठेवल्या होत्या, सोळावी मागावर संपत आलेली, दगडाची फळी अगदी जवळ आलेली. एकेक पक्षी तपासला. चौदावी बरोबर, पंधरावी बरोबर. माझा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणाला डॉक्टर?" तिने मान वर न करता विचारलं.

"तोंडाने शिकव म्हणाला."

"मग बरंच झालं. तोंड तुमचं चांगलं चालतं." तिने धोटा थांबवला. "बाबा, सतरावीला आले मी. तो बाहेर बघणारा खालून सहावाच ना? मी छापील कापड आणून मोजला. सहावा येतो. पण म्हटलं एकदा विचारून घ्यावं, शेवटी तुम्हाला माहीत."

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला एवढं खरं, कारण पलीकडच्या टायरवाल्याने डोकावून बघितलं. छापील कापड बघून तू मामाचं कापड विणणार का, एवढं शिकवलं ते गेलं कुठे, वगैरे. सेनाम चौतीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई, तिच्यावर असं ओरडायची माझी छाती होत नाही एरवी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पण सगळे विणतात तो. गावातही आता तसाच विणतात. मला वाटलं मामाआजोबांचाच तो."

"मामाचा नाही. माझा आहे. चूक आहे ती."

आणि मग मी सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. तिसरा दिवस, सतरावी पट्टी, मामाचं बोट, माझं खोटं. तिला मोठी बहीण होती हे तिला ठाऊक होतं, नावही कधीतरी आजीच्या तोंडून ऐकलं असेल, पण माझ्या तोंडून नाही. मी तेव्हाही नाव घेतलं नाही, 'ती' म्हणालो. "थकलो होतो गं," मी म्हटलं. "कशाकडे लक्ष नव्हतं. त्यात अर्थबिर्थ काही नाही. दार नाही नि वाट बघणं नाही. मामाला खोटं सांगून मी ते कापड जाऊ दिलं आणि आता सबंध देश माझा खोटेपणा कमरेला गुंडाळून फिरतोय. निदान त्याच्या अंगावर तरी तो जायला नको. ऐकशील ना?"

"ऐकेन," ती म्हणाली. तिने माझा दुखरा हात हातात घेतला, अलगद, आणि सोडला. "नाही विणत. सगळे आत वळवते. आता जरा बसा, तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

बसलो. आणि तेवढ्यात मान्सा आली. तिची मासे तळायची कढई स्टँडवर असते, दुपारचं गिऱ्हाईक संपलं की ती आम्हाला जेवण घेऊन येते. डोक्यावरचं टोपलं उतरवलं, आक्प्ले काढलं, भेंडीचं कालवण काढलं, मला म्हणाली, "ओरडणं स्टँडपर्यंत ऐकू येत होतं. कोण मेलं आता?" मग तिची नजर मागाकडे गेली. कापलेल्या पट्ट्या तिने बोटांनी चाळल्या. "सतरावी लावली का?"

"लावतेय," सेनाम म्हणाली.

"मग त्यात तो घालायला विसरू नकोस हो. यांना विचारशील तर सांगायचे नाहीत."

सेनामने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

"कोणता, आई?"

"कोणता काय? बाहेर बघणारा." मान्सा खाली बसली, पाय पसरले, गुडघे चोळायला लागली. तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं, बाजारातली गोष्ट सांगावी तशी सांगत होती. "ते कापड मीच शिवलंय. हे बाजाराला गेले होते. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, खात नव्हते, पीत नव्हते. तुझे मामाआजोबा आले, पट्ट्यांचा गठ्ठा आणि सुई माझ्यापुढे टाकली, म्हणाले, बसलीच आहेस तर शिव. बाईने शिवायचं नसतं म्हटलं, तर म्हणाले मला सांगू नकोस काय नसतं ते. मग शिवत बसले. सतरावीला आले आणि बघते तर तो. बाहेर तोंड करून निघालेला. मला बाई तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. इतकं आलं की म्हातारा धावत आला. त्याने पट्टी बघितली, म्हणाला, अजून हीच आहे होय, आण, काढून टाकतो. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार."

"मग?" सेनामने विचारलं.

"मग काय. त्याने हात नाही लावला. पुढे कधी विषयही काढला नाही." मान्साने ताट माझ्याकडे सरकवलं. "जेवा. निवतंय. सेनाम, तुला म्हणून सांगते, हे तिसऱ्या दिवशी मागावर जाऊन बसले ना, तेव्हा माझ्या मनातून उतरले होते. म्हटलं, दगड आहे माणूस. एक शब्द नाही, एक टिपूस नाही. मी माहेरी निघून जाणार होते, गाठोडंसुद्धा बांधलं होतं. आणि मग तो पक्षी बघितला. म्हटलं, बोलता येत नाही बिचाऱ्याला, हाताने बोललाय. गाठोडं सोडलं."

मी घास तोंडाशी नेला आणि ताटात परत ठेवला. अडतीस वर्षं! अडतीस वर्षं ही बाई माझ्या एका चुकीवर संसार करत होती. बोलायला पाहिजे होतं. जी गोष्ट आत्ता मुलीला इतक्या ठणकावून सांगितली तीच, चूक होती, थकलो होतो, त्यात काही नव्हतं. तोंड उघडलंही. सेनाम माझ्याकडे बघत होती. तिला दोन्ही गोष्टी ठाऊक झाल्या होत्या, एक पाच मिनिटांपूर्वीची, एक आत्ताची, आणि तिच्या एका शब्दाने सगळं कोसळलं असतं. तिने सोळावी पट्टी कापली. दगडाची फळी पायाने ढकलत लांब नेली, सतरावीचा ताणा सोडला, पसरला, पाच पक्षी होईपर्यंत विणत राहिली. आम्ही दोघं नुसते ठोके ऐकत बसलो. मान्साचा डोळा लागला होता. मग सेनाम मागावरून उठली.

"बाबा," ती म्हणाली, "सहावा तुम्हीच विणा. मला नाही जमायचा."

मी बसलो. डॉक्टर काय म्हणेल ते म्हणो. पायाच्या अंगठ्यांत ताणा वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चकत्या धरल्या, त्या तिच्या पायांनी ऊन झाल्या होत्या. पक्षी पायांपासून सुरू होतो. पाय दोन्ही बाजूंनी सारखे, पोटही सारखंच, मान कुठल्या बाजूने काढायची हे पोटानंतर ठरतं. पाय झाले, पोट झालं, आणि हाताने डावीकडचे धागे उचलले. चौदावीपासून डावीकडे, साठ वर्षांची सवय. मी दोन बाणे उसवले. पुन्हा पोटापर्यंत आलो, बजावलं मनाला, उजवीकडे, उजवीकडे, आणि हात पुन्हा डावीकडे. खांदा जळत होता. घामाने चष्मा घसरायला लागला. मला हसूच आलं. जी चूक मला आयुष्यभर छळत आली ती आता करायला बसलो तर होत नव्हती. मान्सा जागी झाली होती, भिंतीला टेकून बघत होती. मी उसवलं, तिसऱ्यांदा पोटापर्यंत आलो, आणि थकून मान वर केली. समोर लांबवर ताण्याच्या टोकाला ती फळी होती, फळीवर दगड. तो नुसता दगड होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मला ती तिसऱ्या दिवसाची दुपार आठवली, जी मला कधी नीट आठवलीच नव्हती: पोट झालं होतं, आणि आता ती विचारेल म्हणून मी मान वर केली होती. बाबा, मी पोचले? फळीवर दगड होता. खाली बघितलं तेव्हा हाताने उजवीकडचे धागे उचललेले होते. आत्ताही. मी त्यात रंगीत सूत घातलं, ठोका दिला, मान काढली, चोच काढली. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पट्टीवर पडू नये म्हणून मी तोंड बाजूला धरून विणत होतो. पक्षी पुरा झाला. लांबोडा झाला होता, मामा असता तर बोट ठेवलं असतं.

मान्सा उठून जवळ आली. गुडघे धरत वाकली आणि पदराचं टोक माझ्या चष्म्याखाली घालून तिने माझे डोळे पुसले, मुलीसमोर. मग पट्टीवर बोट ठेवलं.

"तेव्हाही असाच मुद्दाम विणला होतात ना, अकोफाचे बाबा?"

मागच्या बाजूला सेनाम कांडी भरत होती. तिचा हात थांबला.

"हो," मी म्हटलं. मांडीवर पक्षी होता, नुकता विणलेला, आणि त्याच्यापुरतं तरी ते खोटं नव्हतं.